वाहक जनावर कसं ओळखावं? गायींतल्या आनुवंशिक दोषांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोदे शहरात आणि पादरा, डभोई, वाघोडिया, सावली या भागांत गायी पाळणारी बरीच मराठी कुटुंबं आहेत. कुणाकडे चार गीर, कुणाकडे तीस संकरित एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन). जनावरांचा डॉक्टर म्हणून त्यांचे फोन मला रोज येतात. गेल्या काही वर्षांत एकाच विषयावरचे प्रश्न पुन्हा पुन्हा येऊ लागले, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. प्रश्न तुमच्याच शब्दांत ठेवले आहेत.

१. "वाहक" जनावर म्हणजे काय? ते आजारी असतं का?

आजारी नसतं. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची आणि एक बापाची. इथे ज्या दोषांबद्दल लिहिलं आहे, त्यांतल्या बहुतेकांत एक प्रत बिघडलेली असली तरी दुसरी चांगली प्रत काम निभावून नेते. अशा जनावराला वाहक म्हणतात. ते खातं-पितं, भरपूर दूध देतं, वेळेवर माजावर येतं. बिघडलेली प्रत मात्र सरासरीनं आपल्या निम्म्या वासरांना देत राहतं.

२. गायही धडधाकट, वळूही नावाजलेला. मग वाकडं वासरू कसं झालं?

दोष आनुवंशिक असेल, तर दोघंही वाहक होते म्हणून. दोन वाहकांची गाठ पडली की प्रत्येक वेताला चारांत एक शक्यता अशी असते की वासराला दोन्ही प्रती बिघडलेल्या मिळतील. दोन शक्यता अशा की वासरू चांगलं दिसेल पण वाहक असेल, आणि एक शक्यता अशी की ते पूर्ण मुक्त असेल, म्हणजे एकही बिघडलेली प्रत नसेल. इथे एक गैरसमज नेहमी होतो: "चारांत एक ना? ते झालं, आता पुढची तीन चांगली." तसं नाही. हा हिशोब प्रत्येक वेताला नव्यानं सुरू होतो. लागोपाठ दोन वासरं दोषी होऊ शकतात आणि सहा वेतांत एकही होणार नाही, असंही घडतं. म्हणूनच एका गोठ्यात हा दोष पिढ्यानपिढ्या लपून राहतो.

३. त्या वासराची सख्खी बहीण ठणठणीत आहे. ती वाहक असेल का?

आईबाप तेच असतील तर तिची वाहक असण्याची शक्यता तीनांत दोन आहे. लोक "निम्मी" म्हणतात, पण ती दोषी नाही हे आपल्याला दिसतंच आहे. त्यामुळे चारांतली एक शक्यता आधीच गळते. उरलेल्या तीनांत दोन वाहक. आई तीच पण बाप दुसरा आणि मुक्त असेल, तर शक्यता निम्मी.

४. अनुभवी माणसाला वाहक नजरेनं ओळखता येत नाही का?

येत नाही. हे मी ठामपणे सांगतो, कारण यावर मोठे प्रयत्न होऊन गेले आहेत. १९४० आणि १९५० च्या दशकांत अमेरिकेत हेरफर्ड या मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या जातीत बुटकी, धापा टाकणारी वासरं जन्मू लागली. ठेंगणे, भरीव बांध्याचे वळू तेव्हा पसंत केले जात, आणि त्या निवडीबरोबर बुटकेपणाचं जनुकही पसरलं. वाहक वळूच्या कपाळाला बारीकसा उंचवटा असतो, अशी समजूत निघाली. तो मोजायला "प्रोफाइलोमीटर" नावाचं उपकरण तयार झालं आणि लोक वळूंच्या कपाळाची रेघ कागदावर उतरवू लागले. पण त्या मोजमापावर भरवसा ठेवता आला नाही. शेवटी उपयोगी पडल्या त्या वंशावळीच्या नोंदी. काही मोजके दोष याला अपवाद आहेत, ते प्रश्न १४ मध्ये.

५. वाकडं वासरू झालं म्हणजे दोष आनुवंशिकच का?

मुळीच नाही. पहिल्याच दिवशी वळूला दोष देऊ नका. गाभण गायीला हिरवा चारा महिनोन्‌महिने मिळाला नाही तर अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेनं आंधळी वासरं होतात. मँगनीज कमी पडलं तर सांधे आखडतात. अकाबानेसारखा विषाणू गाभण गायीला झाला तर पाय मुडपलेली किंवा मेंदूची वाढ न झालेली वासरं जन्मतात. दिसायला हे सगळं आनुवंशिक दोषासारखंच.

मी आधी हे विचारतो: एकाच मोसमात वेगवेगळ्या वळूंच्या, एकमेकींशी नातं नसलेल्या गायींना असं झालं का? तसं असेल तर चारा, पाणी, विषाणू यांच्याकडे पाहा. उलट, वेगवेगळ्या वर्षांत पण एकाच वळूच्या किंवा एकाच घराण्यातल्या गायींना झालं असेल, तर संशय आनुवंशिकतेवर. गोऱ्ह्याबरोबर जुळी जन्मलेली कालवड बहुतेक वेळा वांझ निघते, पण ते गर्भातच दोघांचं रक्त एकमेकांत मिसळल्यामुळे. तो आनुवंशिक दोष नाही.

६. असं वासरू जन्मलं तर त्याच दिवशी काय करायचं?

पुरायची घाई करू नका. मेलेलं वासरू हाच सगळ्यात मोठा पुरावा असतो.

पादऱ्याकडच्या एका गोठ्यात मला पहाटे बोलावलं होतं. संकरित एचएफ गायीला मेलेलं वासरू झालं होतं: मान आखूड, पुढचे दोन्ही पाय सांध्यातून सारखेच वळलेले. मालकांच्या आई ओट्यावर बसल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, हे तिसरं." आधीची दोन शेवग्याखाली पुरली होती, कुणाला सांगितलं नव्हतं. लोक काय म्हणतील, दूध कोण घेईल, ही भीती. पण त्याच आजींनी एक काम केलं होतं. प्रत्येक बीजदानानंतर (कृत्रिम रेतनानंतर) रेताची रिकामी स्ट्रॉ, म्हणजे बारीक नळी, धुऊन त्यांनी भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या त्या त्या तारखेला स्टेपल केली होती. जुनी पानंही जपून ठेवलेली. आम्ही ती फरशीवर पसरली. तीनपैकी दोन वासरांच्या स्ट्रॉवर एकाच वळूचा क्रमांक होता. वासराचा कान आणि गायीचे केस तपासणीला गेले. वासरात दोन्ही प्रती बिघडलेल्या निघाल्या, गाय वाहक निघाली. वासरात दोन प्रती म्हणजे त्यातली एक बापाचीच, त्यामुळे ते रेत कुठल्या वळूचं हे पक्कं असेल तर वळूही वाहक हे तिथेच ठरतं.

तेव्हा त्या दिवशी एवढं करा. वासराचे चारही बाजूंनी फोटो काढा, मान आणि पाय स्पष्ट दिसू द्या. कानाचा बोटभर तुकडा स्वच्छ ब्लेडनं कापून बर्फात किंवा ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. फॉर्मॅलिनमध्ये ठेवू नका, त्यात डीएनए खराब होतो. आईच्या कानातला १२ अंकी बिल्ला आणि स्ट्रॉवरचा वळूचा क्रमांक लिहून ठेवा.

७. जिवंत जनावराचा नमुना कसा घ्यायचा? रक्त काढावंच लागतं का?

बहुतेक तपासण्यांना शेपटीच्या गोंड्याचे केस पुरतात, पण मुळासकट. कात्रीनं कापलेल्या केसांचा उपयोग नाही, डीएनए मुळाच्या गाठीत असतो. गोंडा धुऊन पूर्ण वाळवा. दहा-बारा केस बोटाला गुंडाळा, कातडीच्या अगदी जवळ धरा आणि एका झटक्यात उपटा. मग केस उजेडात धरा. टोकाला मोहरीहूनही लहान, पांढरट गाठ दिसली पाहिजे. ती दिसत नसेल तर केस तुटलाय, पुन्हा घ्या. असे तीस-चाळीस केस कागदी पाकिटात ठेवा आणि वर बिल्ल्याचा क्रमांक लिहा. प्लास्टिकच्या पिशवीत ओल धरते आणि बुरशी येते. एका जनावराचं झालं की हात पुसूनच दुसऱ्याकडे जा.

रक्त घ्यायचंच असेल तर जांभळ्या बुचाची नळी, म्हणजे ईडीटीए. वळू तुमच्याकडे नसेल तर त्याची एक स्ट्रॉही चालते. गुणसूत्रांची तपासणी मात्र वेगळी असते, ती प्रश्न १० मध्ये. आपल्याला आणंद जवळ आहे, चाळीसेक किलोमीटर. तिथे एनडीडीबीच्या (राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या) "काफ" प्रयोगशाळेत जनावरांच्या अशा तपासण्या होतात. नमुना आपल्या पशुवैद्यकामार्फत पाठवा आणि नेमक्या कोणत्या दोषांसाठी, हे अर्जात लिहा.

८. संकरित एचएफ गायींमध्ये कोणते दोष पाहायचे?

पहिला ब्लॅड. यात पांढऱ्या पेशी रक्तात भरपूर असतात, पण रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून बाहेर पडू शकत नाहीत, त्यामुळे जंतूंपर्यंत पोचतच नाहीत. वासराला पुन्हा पुन्हा न्यूमोनिया, तोंडात फोड, जखम भरत नाही, आणि बहुतेक वासरं वर्षाच्या आत जातात. रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी प्रचंड वाढलेल्या दिसतात आणि औषधाचा गुण येत नाही. असं चित्र दिसलं की मी ब्लॅडचा विचार करतो.

दुसरा सीव्हीएम. मान आखूड आणि पुढचे पाय वाकलेले, बरेचदा गाभच पडतो. आजींच्या गोठ्यातला हाच. तिसरा सिट्रुलिनीमिया: वासरू जन्मतः चांगलं असतं, दोन-तीन दिवसांत सुस्त होतं, भिंतीला डोकं टेकवून उभं राहतं, झटके येतात आणि आठवड्याच्या आत जातं. अमोनिया शरीराबाहेर टाकता येत नाही म्हणून हे होतं. चौथा डम्प्स, त्यात गर्भ साधारण चाळिसाव्या दिवसाच्या सुमारास मरतो. पाचवा फॅक्टर इलेव्हनची कमतरता, त्यात शिंगं काढल्यावर किंवा खच्चीकरणानंतर रक्त थांबायला फार वेळ लागतो.

हे दोष जगभर पसरले कसे, तेही सांगतो. ब्लॅडचं मूळ १९५२ साली जन्मलेल्या ऑसबोर्नडेल आयव्हॅनहो या होल्स्टीन वळूपर्यंत जातं. त्याच्या वंशातला कार्लिन-एम आयव्हॅनहो बेल हा वळू दुधासाठी इतका गाजला की त्याचं रेत देशोदेशी गेलं, आणि तो ब्लॅड व सीव्हीएम या दोन्हींचा वाहक होता. दूध वाढवणारा वळू आणि दोष पसरवणारा वळू एकच असू शकतो, हे बेलकडे पाहून कळतं. आपल्याकडच्या रेत केंद्रांसाठी केंद्र सरकारनं घालून दिलेल्या किमान मानकांत वळूंच्या अशा तपासण्या आहेत. रेत घेताना वळूचा अहवाल मागायला संकोच करू नका, तो तुमचा हक्क आहे.

९. आमच्या गीर आणि कांकरेज शुद्ध देशी आहेत. त्यांना याची भीती नाही ना?

वरचे बहुतेक दोष होल्स्टीन घराण्यातले आहेत, एवढं खरं. पण "देशी म्हणजे निर्दोष" असं समजू नका. प्रत्येक जातीत काही लपलेली बिघडलेली जनुकं असतात. आपल्याच गीर, कांकरेज, ओंगोल गायींपासून अमेरिकेत ब्राह्मन ही मांसाची जात तयार झाली. त्या ब्राह्मनमध्ये पॉम्पे रोग सापडला. त्यात ग्लायकोजन स्नायूंत साचत जातं, वासरू खंगतं, अशक्त होतं आणि मरतं. ऑस्ट्रेलियात ब्राह्मन पाळणारे त्यासाठी वळू तपासून घेतात. दक्षिण आफ्रिकेतल्या ब्राह्मनमध्ये स्नायूंची जन्मजात दुर्बलता आढळली; त्यात वासरू काही आठवड्यांचं झालं की उभं राहू शकत नाही. दोन्हींसाठी डीएनए तपासणी आहे. परदेशातून आलेल्या गीर वंशाचं रेत वापरत असाल तर अहवाल मागा. देशी गायींचा मोठा धोका मात्र नात्यातल्या पैदाशीचा आहे, तो प्रश्न १३ मध्ये.

म्हशींसाठी गायींच्या तपासण्या तशाच वापरू नका. म्हशीची गुणसूत्रं ५०, गायीची ६०. तो वेगळा प्राणी आहे.

१०. वाकडं वासरू होत नाही, पण गाय सारखी उलटते, म्हणजे बीजदान करूनही गाभण राहत नाही. यातही वाहकाचा संबंध असतो का?

असू शकतो, पण तो शेवटी तपासायचा. आधी माजाची वेळ, गर्भाशयाचा दाह, खनिज मिश्रण, रेत वितळवण्याची पद्धत हे सगळं पाहून घ्या. दहांतल्या नऊ उलटणाऱ्या गायींचं कारण मला तिथेच सापडतं.

तरीही काही दोष असे आहेत की दोषी वासरू कधीच जन्मत नाही, गर्भच मरतो. पॉनी फार्म आर्लिंडा चीफ हा १९६२ साली जन्मलेला होल्स्टीन वळू होता. अमेरिकेतल्या होल्स्टीन गायींच्या जनुकसंचात सुमारे १४ टक्के वाटा त्याचा असल्याचं सांगितलं जातं. त्याच्यात एपीएएफ१ या जनुकाची बिघडलेली प्रत होती. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्या एका बिघाडामुळे जगभर पाच लाखांहून अधिक गर्भ गेले असावेत, असा अंदाज मांडला होता. कित्येक दशकं कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण दिसायला वासरूच नव्हतं. होती ती फक्त उलटलेली गाय.

आणखी एक प्रकार गुणसूत्रांचा. पहिलं आणि एकोणतिसावं गुणसूत्र एकमेकांना जोडलं जातं, मग एकूण संख्या ६० ऐवजी ५९ भरते. १९६४ साली स्वीडनमध्ये इंगेमार गुस्ताव्हसन यांनी हे दाखवलं. जनावर निरोगी दिसतं, फक्त त्याची प्रजननक्षमता थोडी कमी असते. केसांवरच्या नेहमीच्या डीएनए तपासणीत हे पकडलं जात नाही. त्यासाठी हिरव्या बुचाच्या, म्हणजे हेपॅरिनच्या नळीत ताजं रक्त लागतं, कारण पेशी जिवंत ठेवून वाढवाव्या लागतात.

११. अहवालात "मुक्त" लिहिलंय. आता निर्धास्त राहू?

फक्त त्या दोषापुरतं. ब्लॅडमुक्त वळू सीव्हीएमचा वाहक असू शकतो. परदेशी वळूंच्या माहितीपत्रकात नावापुढे संक्षेप असतात: "टीएल" म्हणजे ब्लॅड तपासून मुक्त, "बीएल" म्हणजे वाहक, "टीव्ही" म्हणजे सीव्हीएम तपासून मुक्त, "सीव्ही" म्हणजे वाहक. संक्षेपच नसेल तर तो वळू मुक्त आहे असं धरू नका, कदाचित तपासलेलाच नसेल.

आईबाप दोघंही तपासून मुक्त असतील आणि बापाबद्दल खात्री असेल, तर वासरू तपासायची गरज नाही. "खात्री असेल तर" हे महत्त्वाचं. गोठ्यात मोकळा वळू असेल आणि बीजदानही केलं असेल, तर आधी पितृत्व तपासा.

१२. वाहक गाय निघाली. विकून टाकू का? आणि विकली तर सांगावं लागेल का?

विकू नका. चांगलं दूध देणारी, शांत, वेळेवर माजावर येणारी गाय एका प्रतीपायी गमावू नका. त्या दोषापासून मुक्त असलेल्या वळूचं रेत वापरा. तिला दोषी वासरू होणार नाही. तिच्या कालवडी सरासरीनं निम्म्या वाहक असतील. त्यांतल्या ठेवायच्या त्या तपासून ठेवा, म्हणजे दोन पिढ्यांत दोष गोठ्याबाहेर आणि तिचं दूध गोठ्यात. गोऱ्हा वाहक निघाला तर त्याला पैदाशीला वापरू नका, वेळेत खच्चीकरण करून बैल करा.

अमेरिकेत २००८ साली अँगस या मांसाच्या जातीत सांधे आखडलेली, पाठ वाकलेली मेलेली वासरं जन्मत असल्याचं उघड झालं आणि धागा जीएआर प्रिसिजन १६८० या लोकप्रिय वळूपर्यंत गेला. इलिनॉय विद्यापीठातल्या जोनाथन बीव्हर यांनी काही महिन्यांत डीएनए तपासणी उपलब्ध करून दिली आणि अँगस संघटनेनं वाहकांची माहिती उघड ठेवली. पाळणाऱ्यांनी मेलेली वासरं कळवली, म्हणूनच हे शक्य झालं.

विकताना सांगायचं, लेखी सांगायचं. वाहक गाय दूध कमी देत नाही आणि तिच्या दुधात काही दोष नसतो, त्यामुळे समजून घेणारा गिऱ्हाईक मिळतो. न सांगता विकली आणि त्याच्या गोठ्यातल्या वाहक वळूशी गाठ पडली, तर पुढचं वासरू त्याच्या शेवग्याखाली जाईल.

१३. आमच्या गोशाळेत आठ वर्षं एकच वळू आहे. काय बिघडतं?

बरंच. वळू वाहक असेल तर त्याच्या निम्म्या लेकी वाहक. तोच पुढे लेकींवर फिरला तर दर आठ वासरांत सरासरी एक दोषी. एकाच दोषाचं नाही, त्याच्यात लपलेल्या प्रत्येक दोषाचं असं होतं. शिवाय दूध घटतं, वासरं अशक्त होतात. पहिल्या लेकी माजावर यायच्या आत वळू दुसऱ्या गोशाळेशी बदलून घ्या. श्रद्धेनं पाळलेल्या गायींच्या बाबतीत तर हे आपलं कर्तव्यच आहे, असं मला मनापासून वाटतं.

यातूनच वळू तपासायची जुनी रीत निघाली. स्वतःच्या ३५ लेकींपासून ३५ वासरं चांगली झाली, तर वळू वाहक नसल्याची ९९ टक्के खात्री. ठाऊक असलेल्या वाहक गायी मिळाल्या तर १६ वासरं पुरतात. ज्या दोषाची डीएनए तपासणी आहे त्यासाठी ही रीत वापरू नका. त्यात वळू वाहक निघाला तर दोषी वासरं मुद्दाम जन्माला घातल्यासारखं होतं.

१४. वाहक दिसतोच, असं कधी होतं का?

क्वचित. आयर्लंडच्या डेक्स्टर जातीत आखूड पायांची जनावरं बरेचदा वाहक असतात. त्यांचा ठेंगणेपणा एका बिघडलेल्या प्रतीमुळे असतो. अशा दोघांची गाठ पडली की चारांत एक गर्भ विकृत होऊन पडतो. अल्फा-मॅनोसिडोसिस या अँगसमधल्या रोगात वाहक डोळ्यांना दिसत नाही, पण त्याच्या रक्तात एका विकराचं (एन्झाइमचं) काम साधारण निम्मं भरतं. डीएनए तपासण्या येण्याआधी न्यूझीलंडमध्ये याच मोजमापानं वाहक शोधत.

१५. जुळ्यातल्या कालवडीचं रक्त पाठवलं, अहवाल विचित्र आला. असं का?

जुळ्यांच्या गर्भवेष्टनातल्या रक्तवाहिन्या बहुधा जोडल्या जातात आणि एकाच्या रक्तपेशी दुसऱ्यात आयुष्यभर राहतात. मग तिच्या रक्तात भावाचा डीएनएही वाचला जातो. मुक्त असलेली वाहक भासते, किंवा उलट. जुळ्यासाठी नेहमी केसांची मुळं पाठवा, आणि अर्जावर "जुळं" असं लिहा.

१६. माझ्याकडे काहीच नोंद नाही. कुठून सुरुवात करू?

आजच्या तारखेपासून. एक वही घ्या, दर गायीला एक पान. वर बिल्ल्याचा क्रमांक, आई, बाप. खाली प्रत्येक बीजदानाची तारीख आणि वळूचा क्रमांक, स्ट्रॉ सापडली तर तीच चिकटवा. मग वासरू: नर की मादी, जिवंत की मेलेलं, काही वेगळं दिसलं का. गाभ पडला तर कितव्या महिन्यात. बीजदान करणाऱ्याला त्याच वेळी भारत पशुधन या जनावरांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीवर नोंद करायला सांगा. तपासणीला पैसे थोडे असतील तर आधी वळू तपासा, कारण एका गायीची वासरं हातावर मोजता येतात, वळूची नाही. मग ज्या गायींना मेलेलं किंवा वाकडं वासरू झालं त्या. बाकीच्या राहू द्या, त्यांची पानं भरत राहा.